जर्मनीला निघालो, कर्नाळ्याला पोहोचलो

आमचा भाचा जर्मनीत, श्टुटगार्ट शहरात नोकरी करतो. दर रविवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. आधी अम्मींची तब्येत, मग मुलांचा अभ्यास, मग आम्हाला सलाम, असा क्रम ठरलेला. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मात्र तो घरात नव्हता. मोबाईल हातात धरून उंच उंच झाडांमधल्या पायवाटेने चालला होता. बोलताना धाप लागत होती.

"मामू, हे इथलं काळं जंगल. सुट्टीच्या दिवशी अर्धं शहर इथे चालायला येतं. तुम्ही एकदा सगळ्यांना घेऊन याच."

त्याच्या मागून एक म्हातारी बाई दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालत आली आणि त्याला मागे टाकून पुढे निघून गेली. आमच्या अम्मी पडद्याकडे पाहतच राहिल्या. त्यांचे वय ७६. गुडघेदुखी आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्या एवढेच म्हणाल्या, "एकटीच चालली होती ती!"

झाले. त्या रात्री जेवणानंतर कॅलेंडरचे जुने पान उलटे करून आम्ही हिशोबाला बसलो. नवी मुंबईचा विमानतळ आता पनवेलच्या उंबरठ्यावर आला आहे. विमाने डोक्यावरून जातात. मग जर्मनी काय लांब, असे मुलांना वाटत होते.

कागदावरचा जर्मनी

भाच्याने माहिती पाठवली. आम्ही शिक्षक, त्यामुळे नकाशा उघडल्याशिवाय चैन पडत नाही. हे काळे जंगल जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात आहे. तिथे त्याला श्वार्त्सवाल्ड म्हणतात. लांबी साधारण १६० किलोमीटर, क्षेत्र सुमारे ६ हजार चौरस किलोमीटर. झाडी इतकी गर्द की त्याला काळे जंगल असेच नाव पडले. युरोपातली मोठी नदी डॅन्यूब तिथल्याच डोंगरांत उगम पावते. सर्वांत उंच शिखर फेल्डबर्ग, उंची १,४९३ मीटर. आमचा पाचवीतला मुलगा लगेच म्हणाला, "आपली कळसूबाई १,६४६ मीटर! म्हणजे आपलाच डोंगर मोठा!"

डोंगर आपला मोठा, पण त्यावर चालण्याची सवय त्यांची मोठी. १८६४ मध्ये तिथल्या लोकांनी जंगलात पायी फिरणाऱ्यांसाठी संस्था काढली. १९०० मध्ये फोर्त्सहाइम गावापासून स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरापर्यंत २८५ किलोमीटरची पायवाट आखली. झाडांवर, खांबांवर लाल चौकटीची खूण रंगवली. ती खूण पाहत माणूस आजही दिवसामागून दिवस चालत जातो. वाटेत गावे लागतात, राहायला साध्या खोल्या मिळतात.

आणखी एक गोष्ट वाचून नवल वाटले. हे जंगल पूर्वीपासून जसेच्या तसे राहिलेले नाही. एके काळी तिथली झाडे बेसुमार तोडली गेली. ओंडक्यांचे तराफे बांधून नदीतून थेट हॉलंडपर्यंत नेले जात. डोंगर उघडे पडले. मग एकोणिसाव्या शतकात लोकांनी पुन्हा झाडे लावली. म्हणजे आज जे डोळे भरून पाहायचे, त्यातले पुष्कळसे माणसाने आपली चूक सुधारताना लावलेले आहे.

आता हिशोब. युरोपातल्या या देशांच्या व्हिसाचे शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला ४५ युरो. अम्मी, आम्ही दोघे नवराबायको, अकरावीतली लेक आणि मुलगा, असे पाच जण. प्रत्येकाचा किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा. बँकेची पासबुके, पगाराचे दाखले, शाळेची रजा. विमानाची तिकिटे, तिथला प्रवास, राहणे. बेरीज जिथे येऊन थांबली ती रक्कम आमच्या ओळखीची होती. लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी पोस्टात ठेवलेली रक्कम जवळपास तेवढीच आहे.

आम्ही पेन खाली ठेवले. कोणीच काही बोलले नाही.

मग लेकीने विचारले, "अब्बू, आपण कर्नाळ्याला तरी कधी नीट गेलोय?"

बारा किलोमीटरवरचे जंगल

कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलपासून साधारण १२ किलोमीटरवर आहे. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या दारातून जातो. लग्नाला म्हसळ्याला जाताना, मौतीला श्रीवर्धनला जाताना, शेकडो वेळा आम्ही त्या दारावरून गेलो आहोत. किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसला की मुलांना दाखवायचा आणि गाडी पुढे न्यायची.

खरे सांगायचे तर एकदा आम्ही आत गेलो होतो, पण ते जाणे सांगण्यासारखे नाही. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल महिना. घरून निघता निघता अकरा वाजले. तीन कुटुंबे, बिर्याणीचा मोठा टोप, थर्माकोलच्या प्लेटा, मुलांच्या हातात गाणी वाजवणारा स्पीकर. पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या. माकडांनी केळ्यांची पिशवी पळवली. ऊन चढले आणि अम्मींना चक्कर आली. त्यांना सावलीत निजवून तोंडावर पाणी मारताना आमचे हात थरथरत होते. पक्षी एकही दिसला नाही. घरी येताना आम्ही सगळे म्हणत होतो, "जंगलात आहे काय बघण्यासारखं?" जंगलात पुष्कळ होते. आम्हीच न बघण्याची सगळी तयारी करून गेलो होतो.

आपल्या घरांत प्रवास म्हणजे लग्न, मय्यत, उरूस, नाहीतर आखातातून येणाऱ्याला आणायला विमानतळ. ज्यांना परवडते ते दुबईचे मॉल पाहून येतात. जंगलात जाणे हा कोणाच्या यादीत नसतो. त्यातून घरातल्या बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी जंगलात जाणे तर नाहीच.

आमच्या लेकीचा प्रश्न मात्र सहलीपुरता नव्हता. तिला बारावीनंतर वनशास्त्र शिकायचे आहे. दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आहे. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. तिने हे सांगितले तेव्हा अम्मी म्हणाल्या होत्या, "डॉक्टर हो, टीचर हो. मुलीच्या जातीला जंगल कशाला?" मुलांची आई गप्प राहिली होती. आणि आम्ही, रोज वर्गात मुलींना शिकण्याचे महत्त्व सांगणारे, "बघू पुढचं पुढे" म्हणून विषय बदलला होता.

जर्मनीहून किहीमला आलेला माणूस

जर्मनीच्या नादाने वाचन सुरू होते, त्यात एक दुवा हाती लागला. आपल्या देशात सरकारी वनखाते उभे राहिले १८६४ मध्ये, म्हणजे काळ्या जंगलातली ती संस्था निघाली त्याच वर्षी. त्याचे पहिले प्रमुख डिट्रिश ब्रँडिस जर्मन होते. त्यांच्यानंतर आलेले श्लिश आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. इंग्रजांना लाकूड हवे होते, रेल्वेचे स्लीपर हवे होते, पण जंगल मोजायचे आणि राखायचे कसे याची विद्या जर्मनांकडे होती.

दुसरा दुवा आपल्या अधिक जवळचा. डॉ. सलीम अली यांचे नाव शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते. पण त्यांची गोष्ट आमच्या घरात पूर्ण कोणाला माहीत नव्हती, म्हणून आम्ही ती एका रात्री मुलांना सांगितली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तीन वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे मामूंना विचारले. मामूंनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. मुलाचे आयुष्य तिथे ठरले.

पण वाट सोपी नव्हती. पदवी नव्हती म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्याने त्यांना नोकरी नाकारली. मुंबईच्या म्युझियममध्ये पक्ष्यांविषयी माहिती सांगण्याची छोटी नोकरी मिळाली. तेवढ्यावर समाधान न मानता ते रजा घेऊन बर्लिनला गेले. तिथे प्रोफेसर एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास कसा शोधतात, ते पाहिले. १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी त्यांची म्युझियममधली जागाच रद्द झालेली!

आता जर्मनीत शिकून आलेला, बेकार झालेला हा माणूस काय करतो? बेगम तहमीना यांना घेऊन तो आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम गावी येऊन राहतो. घराजवळच्या झाडावर सुगरणीची घरटी लोंबत असतात. तो शिडी लावून, आडोसा करून, दिवसेंदिवस तीच बघत बसतो. आणि त्यातून असा निबंध लिहितो की जगातले पक्षितज्ज्ञ चकित होतात.

त्यांनी काय पाहिले? घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे राहते आणि नर ते पूर्ण करतो. ती अंडी उबवू लागली की हे महाशय शेजारी दुसरे घरटे विणायला घेतात.

मुलांची आई हसत सुटली. "घर बांधणार तो, पसंत करणार ती, आणि नाव मात्र सुगरण!" अम्मीही हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "बिन आई-बापाचं पोर. मामूने नीट वाट दाखवली म्हणून झालं."

लेक काही बोलली नाही. आम्हीही नाही.

मग आखणी केली

काळ्या जंगलाऐवजी आपल्याच जिल्ह्याची पायवाट आखायची, असे ठरले. भाच्यालाही कळवले. त्याने तिकडच्या लोकांची एक रीत सांगितली: आधी घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचा विचार करायचा, मग रस्ता ठरवायचा. आम्ही आजवर उलटे करत होतो. ठिकाण ठरवायचे आणि म्हाताऱ्यांना घरी ठेवायचे, नाहीतर फरफटत न्यायचे.

दिवाळीच्या सुट्टीसाठी चार मुक्कामांची यादी केली. वाचकांना उपयोग होईल म्हणून ती इथे देतो.

पहिले कर्नाळा. १९६८ मध्ये अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर, म्हणजे काळ्या जंगलापुढे हातरुमालाएवढे. पण दीडशेच्या आसपास जातींचे पक्षी इथे नोंदले आहेत. हिवाळ्यात दूरचे पाहुणे येतात. पावसाळ्यात रंगीबेरंगी तिबोटी खंड्या घरटे करतो, तोच रायगड जिल्ह्याचा पक्षी. हरियाल आणि मोरटाका नावाच्या दोन पायवाटा आहेत. किल्ल्यावर दोन शिलालेखांची नोंद आहे, खालच्या दरवाजावर मराठी आणि वरच्या दरवाजावर फारसी, हिजरी ११४६ चा. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या आम्हाला हे वाचून काय वाटले असेल, ते वाचकांनीच ओळखावे. चढण मात्र दमवणारी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या पायवाटेवरच समाधान मानावे.

दुसरे किहीम. पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबागकडे जायचे आणि चोंढीहून किहीमला वळायचे. समुद्रकिनारा आहे, सुरू आणि नारळाची झाडे आहेत. दिवाळीपर्यंत सुगरणीचा विणीचा हंगाम संपलेला असतो, पण रिकामी घरटी लोंबताना दिसतात. मुलांना हातात न घेता, खाली उभे राहून ती विण दाखवायची.

तिसरे फणसाड, मुरुड आणि रोहा तालुक्यांत. क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटर. हे जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे राखीव रान होते. अम्मींचे माहेर म्हसळ्याकडचे, म्हणजे जुन्या जंजिरा संस्थानातलेच. नबाबांच्या शिकारीच्या गोष्टी त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. शिकारीसाठी राखले म्हणून ते रान तुटले नाही, आणि १९८६ मध्ये अभयारण्य झाल्यावर त्याच रानात शिकारीला बंदी आली. तिथे शेकरू आहे, बिबट्या आहे, गिधाडेही आहेत. रानातल्या पाणवठ्यांना तिथे 'गाण' म्हणतात, फणसाड गाण, चिखल गाण. सुपेगावला वनखात्याच्या राहुट्या आहेत. तिथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी मुरुडला जंजिरा किल्ला आणि खोकरीचे घुमट पाहायचे.

चौथे माथेरान, पण ते वेगळ्या शनिवार-रविवारी. तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे, म्हणून झाडांचा आवाज ऐकू येतो. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. वडील सर आदमजी पीरभॉय यांनी त्यासाठी पैसा उभा केला, सुमारे १६ लाख रुपये. मुलांना गाडीत बसवताना हे जरूर सांगावे.

आधी चाचणी

एवढा मोठा बेत थेट अमलात आणायचा नाही, आधी एक चाचणी, असे ठरले. जानेवारीतला रविवार, फक्त कर्नाळा, फक्त आपले कुटुंब आणि दुपारी जोहरपर्यंत घरी.

तयारी अशी केली. फज्रची नमाज घरी पढून लगेच निघायचे. प्रत्येकाची स्टीलची बाटली भरलेली. खाणे कोरडे: आदल्या रात्रीची सांदणे, उकडलेली अंडी, खजूर. प्लास्टिक आणि थर्माकोल काहीच नाही. कपडे मातकट, हिरवट रंगाचे. हिजाब आटोपशीर बांधलेला, पायात चप्पल नाही, बूट. मोबाईलचा आवाज बंद.

आणि अत्तर नाही. ही सूचना लेकीची. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळाची पोळी असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी माशा चवताळतात. आम्ही रविवारचे अत्तर लावून तयार होतो, ते तिने धुवायला लावले.

गाडी न नेता एसटीने गेलो. पेणकडे जाणारी एसटी अभयारण्यापाशी थांबते. पंच्याहत्तरी पार केलेल्या अम्मींना प्रवास मोफत, मुलांच्या आईला आणि लेकीला महिलांचे अर्धे तिकीट, मुलाचेही अर्धे. पूर्ण तिकीट एकट्या आमचे. कंडक्टरने पैसे परत दिले तेव्हा आम्हाला युरोचा तो कागद आठवला आणि हसू आले.

फाटकावर खाकी गणवेशातली एक तरुण वनरक्षक होती. तिने पिशव्या पाहिल्या, "शाब्बास, प्लास्टिक नाही," म्हणाली. लेकीने तिला दहा प्रश्न विचारले. अम्मी ऐकत होत्या.

हरियाल पायवाटेवर आम्ही अम्मींच्या चालीने चाललो. दर थोड्या अंतरावर थांबायचे. हे थांबणेच फायद्याचे ठरले. माणूस थांबला की जंगल सुरू होते. आधी पानांची सळसळ, मग एक बुलबुल, मग दोन. पांढऱ्याशुभ्र रिबिनीसारखी शेपटी हलवत स्वर्गीय नर्तक एका फांदीवरून दुसरीवर गेला आणि मुलाने ओरडायचे म्हणून तोंड उघडून दोन्ही हातांनी दाबून धरले.

अम्मींना यातले काही दिसत नव्हते. आम्हाला वाईट वाटले. इतक्यात त्यांनी हात वर केला. "गप्प राहा. टुक टुक ऐकू येतंय? तांबट आहे. भांडी ठोकतोय."

लेकीने दुर्बीण फिरवली. ती मैत्रिणीकडून मागून आणलेली होती. बऱ्याच वेळाने शेंड्यावर हिरवा, लाल कपाळाचा इवला पक्षी सापडला. तांबटच होता. थोड्या वेळाने झाडीतून घुमणारा खोल आवाज आला. अम्मी म्हणाल्या, "कुकुडकोंबा." मुलगा कोंबडा शोधू लागला. लेकीच्या पुस्तकात त्याचे नाव भारद्वाज निघाले. हिंदी-उर्दूत त्यालाच महोका म्हणतात. एका पक्ष्याची तीन नावे एकाच कुटुंबात होती आणि आजवर एकत्र आलीच नव्हती.

मग अम्मी एका दगडावर बसल्या आणि लेकीला शेजारी बसवून घेतले. माहेरच्या परसात कोणता पक्षी कधी ओरडायचा, पावशा ओरडला की वडील नांगर कसा काढायचे, कोणत्या झाडाचा चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, असे त्या सांगत राहिल्या. लेक वहीत लिहून घेत राहिली. जी बाई "मुलीच्या जातीला जंगल कशाला" म्हणाली होती, तिचे सारे बालपण रानात गेले होते. आम्ही तिचा मुलगा असून कधी विचारले नव्हते.

परतताना फाटकाशी अम्मी त्या वनरक्षक मुलीपाशी थांबल्या. "बेटा, तू कुठली? घरचे काय म्हणतात? रात्री-बेरात्री ड्युटी असते का?" मुलीने उत्तर दिले. रात्रीची ड्युटी असते, कधी भीतीही वाटते, सोबत माणसे असतात. घरच्यांना आधी पटले नव्हते, आता पगार हातात आला की पटते. ती हसली. अम्मींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या एसटीत

एसटीत अम्मी खिडकीशी बसल्या होत्या. डोळे मिटलेले होते, आम्हाला वाटले झोप लागली. पळस्पे फाट्याच्या आधी त्यांनी डोळे न उघडताच विचारले, "दापोलीला मुलींचं हॉस्टेल आहे का?"

लेकीने आमच्याकडे पाहिले. आम्ही मुलांच्या आईकडे पाहिले. ती म्हणाली, "जाऊन बघायला लागेल."

एवढेच झाले. कोणी हो म्हटलेले नाही. बारावी व्हायची आहे, प्रवेश परीक्षा व्हायची आहे. अम्मींचे मन पुन्हा बदलू शकते, आणि नातेवाईक काय म्हणतील ते म्हणतीलच. पण पोस्टातली रक्कम आता कशासाठी आहे, याबद्दल घरात शंका उरलेली नाही.

घरी येऊन जोहर पढलो आणि कॅलेंडरचे ते पान पुन्हा काढले. एका बाजूला जर्मनीचा हिशोब, दुसऱ्या बाजूला आपल्या जंगलाची यादी. कर्नाळ्यापुढे बरोबरची खूण केली. किहीम, फणसाड, मुरुड तसेच ठेवले. दिवाळीत ते करू, इन्शाअल्लाह. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, सलीम अलींच्या जन्मदिवशी तो संपतो, आणि यंदा दिवाळीही त्याच दिवसांत येते आहे. तोच मुहूर्त धरला आहे. मुरुडपर्यंतच्या अंतराला नमाजेत कसर लागू होते का, हे मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारायचे, अशी नोंदही केली.

यादीच्या तळाशी लेकीच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: पाचवा मुक्काम, दापोली. तिच्या खाली अम्मींनी, ज्या फक्त उर्दू लिहितात, थरथरत्या हाताने एक शब्द लिहिला होता: हॉस्टेल.

वाचकांना आमचे सांगणे थोडके आहे. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर जे रान आहे, तिथे हिवाळ्यातल्या एका सकाळी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला घेऊन जा. निघण्याआधी अभयारण्याच्या वेळा आणि सुट्टीचा दिवस विचारून घ्या. त्यांच्या चालीने चाला आणि त्यांना बोलू द्या.

गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला. "मामू, मग कधी येताय काळ्या जंगलात?" आम्ही काही बोलायच्या आत अम्मींनी मोबाईल हातात घेतला आणि म्हणाल्या, "तूच ये आधी. तुला कुकुडकोंबा ऐकवते."